पितळेचा नळ

बकुळाला नळ हवा होता, पण पितळेचा नको होता. निजामपुऱ्यातल्या दुकानदाराने तिच्यापुढे चांगले जड, चकचकीत नळ मांडले. तिने सगळे बाजूला सारले.

"प्लास्टिक का दो."

"भाभी, वो दो महीने में टपकेगा."

"टपकने दो," ती म्हणाली.

नळासाठी एवढा हट्ट कशाला, असं कुणालाही वाटेल. पण शेलार गावात तिच्या दाराशी काय चाललं होतं ते कळलं असतं, तर तुम्हीही तोच नळ घेतला असता.

तिचा नवरा धम्मपाल लूमवर कापड विणायच्या कामाला होता. पॉलिएस्टरच्या धाग्यापाशी दिवसभर वावरलं की कोरड्या थंडीत माणसाचं अंग विजेने भरतं. लूमवाल्यांना त्याचं काही अप्रूप नसतं. पण एकदा घरी येऊन त्याने तान्ह्या दीक्षाला उचललं आणि तिच्या गालाला चटका बसला. पोरगी रडून रडून काळीनिळी झाली. तेव्हापासून ड्युटीवरून आला की तो आधी दाराबाहेरच्या नळाला बोट लावायचा. टक् आवाज व्हायचा, बारीकशी ठिणगी उडायची, आणि मग तो दोन्ही हात पसरून आत यायचा. मोठी झाल्यावर दीक्षासुद्धा टक् ऐकल्याशिवाय जागची हलायची नाही.

गेल्या थंडीत धम्मपाल लूमपाशी उभ्या उभ्याच कोसळला. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. यंदा हवा कोरडी झाली आणि दिवेलागणीला बाहेरचा नळ पुन्हा वाजू लागला.

टक्.

दार उघडावं तर कुणी नाही. लूमच्या तेलाचा वास तेवढा यायचा. दीक्षा हात पसरून दाराकडे धावायची आणि हिरमुसून परतायची. ते बघून बकुळाचा जीव तुटायचा. रात्रभर ती नुसती कूस बदलत राहायची. नवरा गेला तो गेला, आता लेकीच्या मनाला काही झालं तर आपण कुणाकडे बघायचं, हीच धास्ती.

शेजारचे प्रभाकर सर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. बकुळा काल्हेरच्या गोदामात कामाला गेली की दीक्षा त्यांच्याच घरी असायची. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"शाळेतलं ते काचेच्या चकत्यांचं यंत्र आठवतं का गं? हँडल फिरवलं की ठिणगी पडायची?"

न आठवायला काय झालं! सगळ्या वर्गाने हात धरून गोल केला होता, आणि एकाने यंत्राला बोट लावताच सगळा वर्ग एकदम उडाला होता.

"त्याच्याही आधी लोक गंधकाचा गोळा हाताने घासून वीज काढायचे. मग ती काचेच्या बरणीत साठवायला लागले. रिकामी केली नाही तर त्या बरणीत साठतच जायची. अगं, आपल्या अंगातसुद्धा वीज असते, हृदय तिच्यावरच चालतं. तुझ्या नळात कुठून तरी करंट उतरतोय, बाकी काही नाही. प्लास्टिकचा बसव."

महादू प्लंबरने नळाबरोबर पाइपही प्लास्टिकचा टाकला. त्या संध्याकाळी काहीच वाजलं नाही. पुढेही वाजलं नाही. बकुळा रात्रभर गाढ झोपली. सरांनी तर ही गोष्ट गल्लीत चार जणांना सांगितली.

मग एका संध्याकाळी ती भाकऱ्या थापत होती. तेलाचा वास आला, आणि तो दाराबाहेरून येत नव्हता. तिची साडी पायांना चिकटली. हातांवरची लव ताठ उभी राहिली. तिने मागे वळून पाहिलं.

दीक्षा जमिनीवर बसली होती. तिचे केस हळूहळू वर उठत होते. ती मान उंच करून, मोठ्या माणसाच्या तोंडाकडे बघावं तशी बघत होती. तिने हसून दोन्ही हात वर केले.

"बाबा... उचला ना."

टक् झालंच नव्हतं. आजच नव्हे, इतक्या दिवसांत एकदाही नाही. बरणी रिकामी झालीच नव्हती...

"अवो, थांबा... तिला हात नका लावू!" बकुळा ओरडली आणि पिठाच्या हातांनी मध्ये झेपावली.

घरभर पांढराफटक उजेड पडला. शुद्धीवर आली तेव्हा दीक्षा तिचा पदर ओढत रडत होती आणि वरची ट्यूब काळी पडली होती. बकुळालाही रडू फुटलं, पण ते भीतीचं नव्हतं. बिचारा इतके दिवस दाराबाहेर नळ शोधत उभा राहिला असेल, आणि तो आपणच काढून टाकला, या विचाराने तिला भडभडून आलं.

सकाळी तिने महादूला बोलावून जुना नळ आणि लोखंडी पाइप परत बसवून घेतला. "ताई, तुमचं काय खरं न्हाय," असं पुटपुटत त्याने काम उरकलं. संध्याकाळी नळ वाजला. टक्. बकुळाने हात जोडले. त्यानंतर घरात कधी तेलाचा वास आला नाही. थंडी सरत आली तसा तिला त्या आवाजाचा आधारच वाटू लागला.

काल ती गोदामातून जरा लवकर आली. दीक्षा सरांकडेच असेल, चहा टाकून आणायला जाऊ, असं म्हणून तिने स्टोव्ह पेटवला. तेवढ्यात नळ वाजला.

टक्.

आणि मागोमाग आणखी एक, बारीक.

टक्.

तिने दार उघडलं. दीक्षा चवड्यांवर उभी राहून नळाला बोट लावत होती. पाय गुडघ्यांपर्यंत चिखलाने भरलेले.

"कुठं गेली होतीस? सरांकडं न्हवतीस?"

"नदीवर. बाबांनी हात धरून नेलं. आधी नळाला लाव म्हणाले, न्हायतर आईला चटका बसंल."

बकुळाने तिला ओढून पोटाशी धरलं. चटका बसला नाही.

"आई, उद्या पानी कमी हाय. उद्या बाबा मला पलीकडं नेनार हायत."

बकुळाने दाराला कडी घातली, वर कुलूप लावलं आणि लेकीला दोन्ही हातांनी कवटाळून भिंतीशी बसली. दीक्षा तिच्या खांद्यावर शांत झोपी गेली. तिचे केस मात्र झोपले नाहीत. ते एकेक करून दाराच्या दिशेने उठत होते.