सातव्या होलवरचे पिवळे पट्टे

"बंद? बंद म्हणजे काय?" मिरचीने फाटक घट्ट धरून विचारलं. "तीन घाट चढून आलोय आम्ही!"

फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या गोल्फच्या मैदानांवर मावशी पुस्तक लिहीत होती. म्हणून यंदाच्या सुट्टीत बारा वर्षांची मिरची, तिचा धाकटा भाऊ शंकासुर आणि मामेभाऊ भोंगा यांची वरात तिच्या गाडीतून डोंगरोडोंगरी हिंडत होती. पहिल्या मैदानावर मेंढ्या चरत होत्या. दुसरं समुद्राला इतकं खेटून होतं, की भोंग्याचे चार चेंडू लाटांनी गिळले. तळ्याच्या वरचं हे नऊ होलांचं मैदान मात्र सगळ्यांत देखणं!

"सातव्या होलच्या गवताला रोग लागलाय," व्यवस्थापक म्हणाले. "माळीणबाईंचं दुर्लक्ष! आता क्लबचे अध्यक्ष येतील आणि त्यांना घरी पाठवतील."

माळीणकाकू शेजारीच उभ्या होत्या. "बावीस वर्षं पोटच्या पोरासारखं जपलंय मी हे गवत," त्या ताठ मानेने म्हणाल्या. "चूक दाखवा, मग जाईन."

"आम्ही बघून येतो!" मिरची आत घुसलीच.

"ए पोरांनो, लुडबुड नको!"

"लुडबुड नाही, चौकशी!" भोंगा इतक्या जोरात ओरडला, की तळ्यावरचे बगळे उडाले.

सातव्या होलवर हिरव्यागार गवतात पिवळेजर्द पट्टे उठले होते. सरळ जाणारे, टोकाला वळणारे आणि सरळ परत येणारे.

"ताई," शंकासुराने डोकं खाजवलं, "रोग काय पट्टी लावून पसरतो?"

मिरची थबकली. "रोग नाही, हे यंत्राचं काम!" मग तिघंही धूम पळाली ती थेट अवजारांच्या खोलीत. तिथे फवारणीची गाडी उभी होती. शंकासुराने बुटाची नाडी सोडून तिच्या फवाऱ्याची रुंदी मोजली आणि धावत जाऊन पट्ट्यावर धरली. तंतोतंत!

"आणि पार्किंगच्या कडेचं तणही असंच पिवळं पडलंय!" भोंगा म्हणाला.

ते ऐकून मागोमाग आलेल्या माळीणकाकूंनी कपाळावर हात मारला. "म्हणजे टाकीत आधी तणनाशक होतं. ती न धुताच त्यात गवताचं खत घातलं! पण तेव्हा मी गाडीची किल्ली व्यवस्थापकांकडे देऊन लेकीच्या बाळंतपणाला गेले होते..."

"मग व्यवस्थापकच! चला, सांगू या!"

"थांब, भोंग्या. आपलं कोण ऐकणार?" मिरचीचे डोळे चमकले. "त्यांनाच बोलू दे."

तेवढ्यात अध्यक्ष आले. मावशी आणि व्यवस्थापक त्यांच्यासोबत होते. मिरचीने व्यवस्थापकांकडे बघून भाबडा चेहरा केला. "काका, ती फवारणीची गाडी चालवणं फार अवघड असेल ना? तुम्हाला नसेल जमत."

"मला?" व्यवस्थापक फुगले. "बाई रजेवर होत्या, तेव्हा पार्किंग आणि सातवं होल एका दुपारी उरकलं मी! एकट्याने!"

"आणि मधे टाकी धुतलीत?"

"टाकी..." त्यांनी अवजारांच्या खोलीकडे पाहिलं. "धुवायची असते?"

अध्यक्षांनी पट्ट्यांकडे पाहिलं, मग व्यवस्थापकांकडे.

"साहेब, पोरांचं काय ऐकता!"

"पोरांचं नका ऐकू," मिरची तडकली. "तुम्ही स्वतः काय बोललात, तेवढंच ऐकू दे त्यांना!"

अध्यक्षांना हसू फुटलं, पण ते लगेच गंभीर झाले. "माळीणबाई, न विचारता तुम्हाला दोषी ठरवलं. माझं चुकलं. कुठेही जायचं नाही तुम्ही." मग ते मुलांकडे वळले. "शाब्बास! आम्ही मोठे नुसते हळहळत बसलो, तुम्ही मोजून पाहिलंत."

मावशीने तिघांना एकदम मिठीत घेतलं, आणि भोंग्याचा चष्मा तिरका झाला.

माळीणकाकूंनी खोलीतून दोन कुदळी आणल्या. एक स्वतः घेतली, दुसरी व्यवस्थापकांपुढे धरली.

"कोट काढा, साहेब. ही माती खणून नवी भरायची आहे. पहिला पट्टा तुमचा!"