हद्दीपलीकडची अर्चना

आरंबाक्कम स्टेशनाबाहेर त्या रविवारी एकही रिक्षा नव्हती, म्हणून श्रीरंजनीची आणि सेतुमाधवची गाठ पडली. चेन्नईजवळच्या तांबरमच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या श्रीरंजनीला तमिळनाडू-आंध्रची हद्द एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती.

"आता चालायचं की काय..." ती पुटपुटली.

"चाला की. हद्द कोठ पळून जात नाही," मागून कुणीतरी म्हणालं. तेही तिच्या घरातल्या तंजावरी मराठीत.

तो गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात कामाला होता आणि सुट्टीच्या दिवशी हद्दीवरची गावं पायी हिंडायचा. तेव्हापासून महिन्यातला एक रविवार दोघांचा झाला. लोकलनं यायचं, मग दिवसभर चालायचं, कुठल्याही गाडीला हात करायचा नाही, हा त्याचा नेम. बांधावरून जायचं, पुलिकत सरोवराच्या खाऱ्या पाण्याकडेनं जायचं. चहाच्या टपरीवरचं तमिळ कधी तेलुगू व्हायचं ते कळायचं नाही, आणि आपला जीव त्याच्यात कधी गुंतला तेही तिला कळलं नाही.

आज सहावा रविवार. बेंगळुरूच्या स्थळाला उद्या उत्तर द्यायचं होतं. मागच्या वेळी तिनं हे सांगितलं तेव्हा तो नुसता "सेरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाला होता. आज मात्र त्याच्या मनात काय आहे ते विचारायचंच, असं तिनं ठरवलं होतं.

आंध्रातल्या पहिल्याच गावात एक छोटं देऊळ होतं. ती नळावर पाय धूत होती, तोवर तो आत गेला. पूजाऱ्यानं अर्चनेसाठी, म्हणजे नाव-गोत्र घेऊन करायच्या पूजेसाठी, गोत्र विचारलं.

"कौशिक," तो म्हणाला. पुढचं नाव घंटेच्या आवाजात बुडालं.

तिचे हात तिथंच थांबले. तिचंही गोत्र कौशिकच. सगोत्र म्हणजे भाऊबहीण. तिचे वडील, अप्पा, बाकी काहीही ऐकून घेतील, पण हे नाही. सहा महिन्यांत इतकं बोलून झालं, आणि नेमकं हेच विचारायचं राहिलं.

परतीच्या वाटेवर ती त्याच्या चार पावलं मागंच चालत राहिली.

"पाय दुखतात?"

"नाही."

"मग... माझ्यावर राग?"

"तुमच्यावर कशाला? आपलं गोत्र एक निघालं." ती म्हणाली. "आता काय बोलायचं?"

तो थांबला. "ते माझं नाही. तुमचं आहे."

"म्हणजे?"

"अर्चना तुमच्या नावानं केली. गेल्या खेपेस आजारी अप्पांना बरं वाटावं म्हणून तुम्ही केली, तेव्हा गोत्र ऐकलं होतं. आमचं भारद्वाज."

"माझ्या नावानं... कशाला?"

"बेंगळुरूला सुखात राहाल म्हणून." तो पाण्याकडे बघत म्हणाला, "जे मागायचं होतं, ते मागायला धीर झाला नाही."

श्रीरंजनीला रडू आलं आणि त्याचा रागही आला. असला शहाणपणा तिला नको होता.

"काय मागायचं होतं?"

त्यानं वळून पाहिलं. आज त्यानं नजर चुकवली नाही.

"तुम्ही जाऊ नये... एवढंच."

तिनं डोळे पुसले आणि तिथंच बांधावर उभं राहून घरी फोन लावला.

"अप्पा, बेंगळुरूच्यांना नाही म्हणून सांगा... हो, कारण आहे. माझ्यासोबत चालतंय."

 पलीकडून अप्पांनी पहिला प्रश्न विचारला, आणि तो कोणता असणार हे तिला ठाऊकच होतं.

"भारद्वाज," ती म्हणाली, आणि तिनं सेतुमाधवचा हात धरला.