आबांचा मुका डबा

सकाळी आबा खाटेशेजारी फरशीवर पडलेले सापडले. इंटरकॉमचा डबा हाताशी होता, त्याचा लाल दिवाही जळत होता. खाली स्वयंपाकघरातल्या जोडीच्या डब्यातून मात्र आवाज आलाच नव्हता.

धाकट्या सुनेनं, मालननं, तो मुद्दाम बंद ठेवला, असं आबांचा थोरला मुलगा महिपत म्हणाला. तो वर आबांजवळच राहायचा, पण तेव्हा वागळे इस्टेटच्या कारखान्यात पाळीवर होता. चिडलेल्या धाकट्या उत्तमनं बायकोला, मालनला, माहेरी जायला सांगितलं.

तिची भरलेली पिशवी पाहून शेजारचे अण्णा चाचरत आत आले. निवृत्त ग्रंथपाल, दुसऱ्याच्या घरात बोलायचं म्हणजे त्यांना घाम फुटे.

"लाडकी सून आहे ती. तिलाच विचारा," महिपत म्हणाला.

अण्णांनी वरचा डबा खाली आणून लावला. दोन्ही खणखणीत बोलले. परत वर नेला, तर मुका.

"काल संध्याकाळी टेंभी नाक्यावरच्या नवरात्राच्या रोषणाईच्या भारानं एक फेज गेली. तुमच्याकडे अंधार होता?" अण्णांनी विचारलं.

"खालीच," मालन म्हणाली. "वर भावजींकडचा दिवा गेलाच नाही. गणपतीत गेली तेव्हा दोन्हीकडे मेणबत्त्या लावलेल्या."

"फ्यूजला हात कोण लावतं?"

"भावजीच. आम्हाला भीती वाटते."

अण्णांनी सगळ्यांना आबांच्या खाटेपाशी बोलावलं.

"मी चुकत असेन," ते म्हणाले. "हे डबे घरातल्या विजेच्या तारांतूनच बोलतात. घरात येणाऱ्या विजेच्या तीन फेजपैकी दोन्ही एकाच फेजवर हवेत. एक फेज गेली की आपण मीटरपाशी फ्यूज काढून दुसरीवर लावतो. गणपतीत महिपतनं वरच्या मजल्याचा लावला, तेव्हा खालची वीज आल्यावरही फ्यूज परत जागेवर लावेपर्यंत डबा गप्प राहिलेला त्यानं पाहिला असणार. काल वरचा दिवा गेलाच नाही, म्हणजे या वेळी त्याआधी, वीज असतानाच फ्यूज हलवलेला होता. मालनला डबा बंद करायचा असता तर बटण तिच्या हाताशी होतं. मीटरपाशी कशाला जाईल ती?"

महिपत खाटेच्या कडेला बसला.

"मी भिंतीपलीकडे बसलेला असायचो," तो म्हणाला. "आणि आबा पाणी मागायचे खाली. दिवसभर मालन, मालन. म्हटलं, डबा बंद पडला तर मला हाक मारतील."

उत्तम खाली गेला आणि मालनची पिशवी रिकामी करू लागला.

आबांनी महिपतचा हात चाचपला.

"मारली की रे," ते म्हणाले. "डबा बोलेना, म्हणून तुलाच हाका मारत उठलो. तू नव्हतास."