लाईट गेल्यावरही मोजणी चालू होती

ही गोष्ट मी सहसा कोणाला सांगत नाही. सांगितली की माणसं आधी हसतात, मग विचारतात, "खरंच?"

खरंच. आणि मी एकटा नव्हतो. अम्मीनेही ऐकलं.

२००२ चा ऑगस्ट. रविवार. रत्नागिरीत मांडवीचं आमचं घर. संध्याकाळचे सहा वाजून गेले होते.

माझा मोठा भाऊ हारुन. फॉर्म्युला वनचं भारी वेड. केबलवर शर्यत लागली की वही घेऊन बसायचा. नाक्यावर सगळे म्हणायचे, हल्ली कोण कोणाला ओव्हरटेक करतच नाही, पहिला तो पहिलाच राहतो. हारुनभाई म्हणायचा, "बोलू नका. मोजा."

त्याचे नियम कडक. दर लॅप, म्हणजे ट्रॅकची एक फेरी, संपला की गाड्यांचा क्रम लिहायचा. पहिल्या लॅपची झुंबड धरायची नाही. पुढचा ड्रायव्हर टायर बदलायला थांबला म्हणून मिळालेली जागा धरायची नाही. पुढची गाडी बिघडली असेल, तर तेही नाही. धावत्या गाडीला रस्त्यावर मागे टाकलं, तरच एक रेघ.

१९९८ पासून त्याने अशा तीन वह्या भरल्या.

२००१ मध्ये मी त्यातले आकडे उतरवून मुंबईच्या एका इंग्रजी मासिकाला पाठवले. खाली नाव लिहिलं, अझीम.

म्हणजे माझं.

छापून आलं. माझ्या फोटोसकट. दर महिन्याला लिहा म्हणाले.

हारुनभाईने शेवटपर्यंत वाचलं. मासिक माझ्या हातात परत दिलं.

"छान छापलंय," म्हणाला.

माझ्याशी बोललेलं ते शेवटचं. दोन महिन्यांनी तो क्रेनवर कामाला बहारीनला गेला. फोन करायचा तो अम्मीला. मी उचलला की ठेवून द्यायचा.

पुढच्या एप्रिलमध्ये तो तिकडेच गेला. झोपेत. दफनही तिकडेच झालं. त्याला माती द्यायलासुद्धा आम्ही नव्हतो.

मी मोजत राहिलो. मासिकात नाव येत होतं ना. पण आता नियम सैल केले होते. बिघडलेली गाडी मागे पडली तरी रेघ मारायचो. आकडा मोठा दिसला की मासिकवाले खूश.

तर तो रविवार. कुठली शर्यत ते मुद्दाम सांगत नाही.

एकविसावा लॅप संपला आणि लाईट गेली.

टीव्ही बंद. पंखा बंद. अम्मी खिडकीपाशी तसबीहची माळ घेऊन बसली होती. मी वही मांडीवर घेऊन तसाच थांबलो. समुद्राचा आवाजही नव्हता. मांडवीत असं कधी होत नाही.

आणि आतल्या खोलीतून...

"बावीस. एक."

मला वाटलं, रस्त्यावरचं कोणी असेल.

थोडा वेळ गेला. एका लॅपला लागतो तेवढाच.

"तेवीस. नाही."

अम्मीची बोटं मण्यांवर थांबली.

"हारुन आला काय रे?"

आतली खोली त्याचीच. तो गेल्यापासून दाराला बाहेरून कडी होती. मी बसल्या जागेवरून बघितलं...

कडी तशीच होती.

"चोवीस. नाही."

आवाज त्याचाच. रागाचा नाही. दुःखाचा नाही. पूर्वी कधी कधी मी लिहायचो आणि तो सांगायचा, अगदी तसा. आणि माझा हात... माझा हात लिहीत होता.

सदतिसाव्या लॅपला तो "एक" म्हणाला. मी रेघ मारली.

पुढच्या लॅपला आकड्याऐवजी तो म्हणाला,

"हा नको. गाडी बिघडली होती. खोड."

मी खोडली.

शेवटच्या लॅपपर्यंत तो सांगत राहिला. मग शांत. पाच मिनिटांनी लाईट आली. मी कडी काढली. आत कोणी नव्हतं. चादरीवर सुरकुतीसुद्धा नव्हती.

मंगळवारी मिरजोळ्याला मितेशकडे गेलो. तो माझा मित्र, एमआयडीसीत कामाला. त्याच्याकडे लाईट गेली नव्हती आणि त्याने शर्यत कॅसेटवर घेतली होती. आम्ही वही घेऊन बसलो. लाईट गेल्यानंतरच्या नऊ रेघा. नऊच्या नऊ बरोबर.

सदतिसावा लॅप तीनदा बघितला. मागची गाडी झपकन पुढे गेली. कॉमेंट्री करणारे ओरडले. मी तर शंभर टक्के धरला असता. तिसऱ्या वेळेस मितेशने बोट ठेवलं. पुढच्या गाडीच्या मागून बारीकसा धूर. पुढच्याच लॅपला ती बाजूला थांबली.

"तुमच्याकडे लाईट नव्हती ना?" मितेशने विचारलं. "मग तुला कळलं कसं?"

"कोणीतरी फोनवर सांगितलं," मी म्हणालो.

आमच्या घरी तेव्हा फोन आठवडाभर बंद होता. मितेशला ते माहीत होतं.

मी मासिकाला पत्र लिहिलं. मोजणी माझी नाही, भावाची, त्याचं नाव छापा. त्यांनी छापलं नाही. माझं लिखाण घेणं तेवढं बंद केलं. त्यानंतर मी शर्यत बघितलेली नाही.

त्या संध्याकाळी अम्मीने मला विचारलं होतं, "काय म्हणत होता रे तो? मला नीट कळलं नाही."

मी म्हणालो, "तुझी तब्येत विचारत होता."

ती रडली. मग बरं वाटलं तिला. पुढे सहा वर्षं जगली, येईल त्याला सांगायची, माझा हारुन मला विचारायला आला होता.

खरं तर तासभर तो घरात होता... आणि त्याने आमच्यापैकी कोणालाच काही विचारलं नाही.