कोनपट्ट्याची बदली

शरदात आमच्या जलमंडळाच्या ठाण्याला ओल्या लोकरीचा, कॉफीचा आणि वाटाण्याच्या सुपाचा वास असतो. समुद्र बांधापलीकडे, तो खिडकीतून दिसत नाही. पण काचेवर त्याचं मीठ बसतं, आणि पुसलं तरी पुन्हा बसतं.

मी तेव्हा लेउवार्डन शहरात संध्याकाळच्या वर्गाला जात होते. संस्था माहिती कशी गोळा करतात, कशी वापरतात, ती कोण सांभाळतं, हे शिकायला. प्रात्यक्षिकासाठी हे ठाणं मिळालं, कारण इथली संगणकप्रणाली फोल्कर्टकाका सांभाळायचे आणि ते बाबांचे शाळेपासूनचे दोस्त. काम सरळ होतं. जुनी प्रणाली बंद व्हायची होती. तिच्यातला बांधाचा एकेक पट्टा जमिनीवरच्या पट्ट्याशी ताडून बघायचा आणि नव्या प्रणालीत न्यायचा.

समुद्र अडवणारा बांध आमच्याकडे असाच पट्ट्यापट्ट्यांनी राखतात. पाणी चढलं की गावातली माणसं नारिंगी जाकिटं घालून जोडीजोडीनं आपापल्या पट्ट्यावर चालतात आणि फोनवरून कळवतात. कोरडं, ओलं, झिरपतंय. ठाण्यानं ‘पोचलं’ म्हणायचं. बदलीची जोडी नोंदवल्याशिवाय आधीच्या जोडीनं पट्टा सोडायचा नाही, मग वर आभाळ फाटो. दर शरदात याचा एकदा सराव होतो.

सगळे पट्टे जुळले. कोनपट्टा तेवढा उरला.

नकाशावर तो शेजारच्या मेंढपट्ट्याच्या टोकापासून निघून सरळ समुद्रात गेला होता. तिथे बांध नाही. पणज्याच्याही आधी कधीतरी होता. एका वादळात तो गेला, त्याच्या आडोशाचं गाव गेलं, आणि नवा बांध आत, जमिनीकडे घेतला. तरी दर सरावाच्या दिवशी कोनपट्ट्यावरून निरोप आलेला होता, ‘कोरडं’. पाठवणाऱ्याचं नाव नाही, फोनचा नंबर नाही. आणि दर निरोपाखाली फोल्कर्टकाकांचं ‘पोचलं’.

“काका, हे कोण पाठवतं?”

“कुणीतरी जुनी चाचणीची नोंद ठेवली असेल.” ते चष्मा पुसत होते.

“मग तुम्ही उत्तर का देता?”

“कुणी कळवलं तर पोचलं म्हणायचं, वित्सके. तेवढंच बटण दाबायचं. दुसरं नाही.”

“हे अहवालात लिहिलं तर सर मला नापास करतील.”

“त्या सरांना म्हणावं, एकदा बांधावर येऊन चाला. शहरातल्या पायांना बरं असतं.”

सरावाच्या दिवशी सकाळी हिशेब विभागातल्या ट्रेन्केचा वाढदिवस होता. इथे ज्याचा वाढदिवस त्यानंच सगळ्यांना केक खिलवायचा, आणि बाकीच्यांनी त्याचंच नाही, एकमेकांचंही हात मिळवून अभिनंदन करायचं. काका त्यासाठी वर गेले. मी पडद्यासमोर बसून राहिले. एका जागेला दोन नावं असली की माहिती सडायला लागते, दोन्ही नोंदी जोडून टाका, असं आम्हाला वर्गात शिकवलं होतं. दोन्ही पट्ट्यांचं टोक एकच होतं. मी कोनपट्टा मेंढपट्ट्यात जोडला. प्रणालीनं विचारलं, नक्की का? मी हो म्हटलं.

दुपारी धुकं आलं. आधी मेंढ्या दिसेनाशा झाल्या, मग कुंपण, मग बांध. सराव सुरू झाला. मेंढपट्ट्यावर बाबा होते, आणि त्यांच्याबरोबर शेजारचा सिब्रन, ज्याचं तोंड झोपेतसुद्धा बंद नसतं. नकाशावर जोड्यांचे ठिपके सावकाश सरकत होते. कोनपट्ट्याचं ‘कोरडं’ यंदा आलं नाही. मला बरं वाटलं.

मग बाबांचा ठिपका मेंढपट्ट्याच्या टोकाला पोचला आणि मागे वळला नाही.

मी फोन लावला.

“बाबा, कुठे आहात?”

“बांधावर. अजून कुठे, सासुरवाडीला?”

“तुमचा पट्टा संपला ना?”

“फोन तर पुढे दाखवतोय. तूच लांबवलास म्हणे. हा सिब्रन म्हणतोय, पोर शिकली आणि बापाची तंगडतोड वाढली.” मागे सिब्रन हसला.

“परत फिरा.”

“का गं? चांगला बांध आहे. गवत आखूड, मेंढ्यांनी नीट खाल्लेलं. कोबी शिजतोय कुणाकडे तरी, वास येतोय.”

भरतीची वेळ होती. ठिपका पाण्यावरून चालत होता, माणसाच्या चालीनं.

“बाबा, ऐका माझं. आत्ता फिरा.”

“थांब जरा. समोर दोघं उभे आहेत. आमचीच वाट बघतायत वाटतं.” मग फोनपासून लांबचा, परक्या माणसाशी बोलतानाचा त्यांचा आवाज. “हो हो, आम्हीच बदली. जा तुम्ही घरी. फार थांबलात.”

फोन बंद झाला.

काका केकची बशी घेऊन आले होते. त्यांनी पडदा पाहिला, बशी खाली ठेवली.

“वेगळे कर,” ते म्हणाले. “पट्टे वेगळे कर.”

मी केले. मेंढपट्टा रिकामा दिसला. कोनपट्ट्यासमोर, जिथे कधीच नाव नव्हतं, तिथे दोन नावं होती. ऑके, म्हणजे बाबा, आणि सिब्रन. कामावर.

तेवढ्यात दार उघडलं.

बाबा आत आले, मागून सिब्रन. मी धावत जाऊन बाबांना मिठी मारली. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. एवढ्या धुक्यातून येऊन जाकीट सुकं खडखडीत होतं. त्याला कोबीच्या वाफेचा वास येत होता. मी सूप वाढून आणलं. त्यांनी वाडगा घेतला नाही. सिब्रन एक शब्द बोलत नव्हता. दोघं भिंतीकडे तोंड करून उभे होते, समुद्राच्या बाजूच्या.

“बसा ना, बाबा.”

“बसून कसं चालेल? पट्टा रिकामा आहे.”

“तिथे बांध नाही, बाबा.”

ते माझ्याकडे बघून हसले. लहानपणी ताप चढला की उशाशी बसून हसायचे, तसे.

“निरोप द्यायला आलो होतो. कोरडं आहे. निघतो आता.”

“सराव संपला.”

“बदली नोंदवलीस?”

ते जाकिटाची बटणं लावू लागले. मी दार अडवून उभी राहिले. त्यांनी मला दोन्ही हातांनी हलकेच उचललं आणि बाजूला ठेवलं, वाटेतलं कोकरू ठेवावं तसं.

बाहेर पाणी बांधावर आपटत होतं.

“ऑके, थांब,” फोल्कर्टकाका म्हणाले.

बाबा थांबले.

काका पडद्यासमोर बसले. कोनपट्टा. बदली. दोन रिकामे चौकोन उघडले. पहिल्यात त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं.

प्रणालीनं घेतलं नाही. जोडी लागते.

काकांनी दाराकडे पाहिलं, बाबांच्या पाठीकडे. मग कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.

“नाही म्हणालीस तरी मला राग नाही, पोरी,” ते म्हणाले.

मी माझं नाव लिहिलं.

मागे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. “काय भूक लागली गं,” बाबा म्हणाले. “सिब्रन, तो पाव दे इकडे.” सिब्रन कशावरून तरी बडबडू लागला. चमचे वाजले.

फोल्कर्टकाका खुंट्यांपाशी उभे राहून माझ्या मापाचं जाकीट शोधत होते.