तिसरा भोंगा

शिवणकामाच्या कारखान्यातला धुराचा भोंगा दुसऱ्यांदा कोकलला, तेव्हा सगळे मुकाट्याने जिना उतरले. कटिंगवाली मात्र आपल्या नव्याकोऱ्या विजेच्या ग्रिलसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. धुरातून इमारतीचा वायरमन आला आणि त्याने सरळ प्लगच उपटला.

"ताई, प्लेटवर तेल ओतलंत ना?"

"मग काय पाणी ओतू? बटाटा चिकटतो!"

"हा तवा नाही. खाचांत तेल साचतं, जळतं. तेल बटाट्याला चोळायचं, चमचाभर. प्लेट कोरडी."

"मला स्वयंपाक शिकवू नका!"

"बरं. पण तिसऱ्यांदा भोंगा वाजला तर ग्रिल इमारतीबाहेर. नियम आहे, ताई."

ताई! धुरानेही तिचे डोळे एवढे झोंबले नव्हते. मेला, वयाने तिच्याहून मोठाच असेल.

दुसऱ्या दिवशी तिने गुपचूप बटाट्यालाच तेल चोळलं. धूर नाही, काप खरपूस. तो खरा ठरला म्हणून तिला आणखीच राग आला. मग तो रोज जेवणाच्या सुट्टीत 'तपासणीला' येऊ लागला आणि दोन काप खाऊन जाऊ लागला. एकदा काप घेताना त्याची बोटं तिच्या तेलकट बोटांना लागली... दोघांनीही हात पुसले नाहीत.

आणि एके दुपारी, ती कापडाच्या थप्पीत अडकलेली असताना, तिसरा भोंगा वाजला. ती धावत आली. ग्रिलवर धूर, आणि समोर तेलाची बाटली घेतलेला वायरमन.

"तुम्ही?!"

"तुम्हाला उशीर झाला होता... म्हटलं, काप तयार ठेवावेत. चिकटतील अशी भीती वाटली, म्हणून थोडंसं—"

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान! आता माझं ग्रिल गेलं ना?"

त्याने खाली मान घालून नोंदवहीत लिहिलं, 'प्लेटवर तेल ओतलं. ओतणारा मीच.' मग त्याने गार झालेलं ग्रिल उचललं. ग्रिल जाणार, म्हणजे दुपारी याचं येणंही जाणार. ग्रिलपेक्षा त्याचंच वाईट जास्त वाटत होतं, आणि त्याचाही तिला संताप येत होता.

"कुठे निघालात?"

"तुमच्या घरी पोचवतो."

"आणि तिथे तपासणी कोण करणार?"

तो थबकला. कानापर्यंत लाल झाला. "मी... रविवारी येऊ? ताई—"

"खबरदार! पुन्हा ताई म्हणालात तर हेच ग्रिल डोक्यात घालीन!"

"मग काय म्हणू?"

"ते रविवारी माझ्या आईसमोर ठरवा," ती फणकारली. "आणि तेलाच्या बाटलीला हात लावायचा नाही!"