तीन काटे, एक खोटं

टाकी ठणठणीत कोरडी, आणि पेट्रोलचा काटा अर्ध्यावर!

तलावाच्या मधोमध मोटारबोट बंद पडली, तेव्हा तिच्या मागं दोर धरून, पायात लाकडी पट्ट्या बांधून क्लबचा खेळाडू गोविंदा पाण्यावरून पळत होता. दोर सैल पडला. गोविंदा वेगातच बोटीच्या पाठीवर येऊन आदळला. खांदा निखळला.

दुसऱ्याच दिवशी जलक्रीडा क्लबचा सुपरवायझर मधुसूदन यानं निकाल लावून टाकला. बोटीचा ड्रायव्हर रुपराव पेट्रोलचोर. पेट्रोल बाहेर विकलं आणि कोणाला कळू नये म्हणून काट्याची तार बिघडवली. संध्याकाळी पाचला पोलिसांत तक्रार.

चार वाजता रुपरावची माय आली. जयवंताबाई. नंदनवन वस्तीतून दोन बसा बदलून, पदर खोचून. शाळा दुसरीतच सुटली होती, पण जिभेला कोणत्याही मास्तरनं सुट्टी दिली नव्हती. नवऱ्यानं बावीस वर्षं कोराडीच्या वीजकेंद्राला कोळशाचा ट्रक चालवला. दुरुस्तीला तो ट्रकखाली, बाजूला पाने-पक्कड घेऊन ही.

धक्क्यावर क्लबचे अध्यक्ष भैयाजी खुर्चीत बसले होते. बाजूला मधुसूदन. रुपराव खाली मान घालून उभा.

"मान वर कर गा," जयवंताबाई कडाडली. "चोरी केली का?"

"नाही माय."

"मग काहून जमिनीत डोळे गाडून राहिला?"

मग ती भैयाजींकडे वळली. "तक्रारीच्या आधी मले बोट पाहू द्या."

मधुसूदन हसला. "बाई, विलायती मशीन आहे. त्यातलं तुम्हाला काय कळणार?"

"म्हशीतलं तुले कळते का? तरी चहा पितोस ना!"

भैयाजींच्या मिशीत हसू हललं. "पाहू द्या त्यांना."

बोट धक्क्याला बांधलेली होती. चाकासमोर लोखंडी पत्र्याची पाटी, चकचकीत निळी. पाटीत तीन तबकड्या. वर दसऱ्याच्या पूजेचं कुंकवाचं स्वस्तिक. रुपरावनं चावी फिरवली. टाकीत थेंब नव्हता, तरी पेट्रोलचा काटा अर्ध्यावर चढला.

"तो दुसरा काटा कशाचा?"

"इंजिनाच्या तापाचा, माय. तिसरा तेलाचा."

तापाचा काटा लाल रेघेला टेकला होता. जयवंताबाईनं इंजिनावर तळहात ठेवला. थंडगार. कालपासून इंजिन सुरूच झालं नव्हतं.

"आता दिव्याचं बटन दाब."

रुपरावनं दाबलं. तिन्ही काटे एकाच वेळी उसळले. बटन बंद केलं, तिन्ही एकदम खाली आले.

तिनं पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि स्वस्तिक खसाखसा पुसलं. कुंकू निघालं नाही. नखानं खरवडलं, तेव्हा निळ्या रंगाची खपली निघाली. लाल दाणे तिच्यात रुतलेले.

तिचं तोंड तापलं. पण आवाज तिनं खाली आणला.

"मधुसूदनसाहेब, ही पाटी कोणी रंगवली?"

"रुपरावनंच. दसऱ्याच्या आठ दिवस आधी. तेव्हाच पाटी खोलून तार बिघडवली असणार."

"पूजा कोणी केली?"

"मी. दसऱ्याला सकाळी. पाहुणे यायचे होते, फोटो होता."

"नवमी-दसरा रुपराव कुठं होता?"

"रजेवर. तुमच्या दीक्षाभूमीवर."

"पाणी वाटत होता. मी बाजूलेच होती. रजेवर सही कोणाची?"

"माझी."

"अन् शेडची किल्ली?"

"माझ्याकडे. म्हणजे... नियमच आहे तसा."

"भैयाजी," ती म्हणाली, "माझ्या पोरानं पान्याले हात लावला तर हा म्हणन, पुन्हा बिघडवलं. तुमीच खोला."

भैयाजींनी स्वतः स्क्रू काढले. पाटीच्या मागं एक जाड काळी तार पत्र्याला आवळलेली होती. ती सोडवली. तारेच्या कडीखाली गुळगुळीत निळा रंग होता.

"खरवडा."

पत्रा उघडा पडला. तार पुन्हा आवळली. चावी फिरवली. पेट्रोलचा काटा शून्यावर पडून राहिला. तापाचा काटा थंडावर. दिवा लावला, तरी एकही हलला नाही.

"आता ऐका," जयवंताबाई म्हणाली. "पेट्रोल लपवणारा चोर एक काटा बिघडवन. तापाच्या काट्यानं त्याचं काय घोडं मारलं होतं? तिघंही एका वेळी खोटं बोलून राहिले, म्हणजे तिघांचं मूळ एक. ही काळी तार. तिघांची वीज इच्यातूनच परत बॅटरीत जाते. खाली रंग आला, रस्ता अडला, काटे वेडे झाले. आमच्या ट्रकचं रंगकाम झालं की हेच व्हायचं. रुपरावचे वडील पह्यले तारेखालचा रंग खरवडत."

"पण रंग रुपरावनं—" मधुसूदन बोलला.

"चूप! आठ दिवसांच्या वाळल्या रंगावर कुंकू लावलं असतं तर माझ्या ओल्या पदरानं निघालं असतं. हे रंगात रुतलं आहे. म्हणजे तू पूजा केली तेव्हा रंग ओला होता. त्या दोन दिवसांत माझा पोरगा रजेवर, अन् किल्ली तुझ्या खिशात."

तिनं निळ्या पाटीवर बोट टेकवलं.

"फोटोत पाटी चमकावी म्हणून घाईनं रंगवली. रंगावरच तार आवळली. दसऱ्याले पाहुणे फिरवले, मग दोन दिवस पट्ट्यांचे खेळ झाले. पेट्रोल इंजिनानं पिलं, कोणी विकलं नाही."

भैयाजी रुपरावकडे वळले. "तू टाकीत काठी घालून का नाही पाहिलंस?"

"साहेबानंच मना केलं होतं. म्हणे, काटा असताना काठी गावंढळ दिसते."

मधुसूदनचा चेहरा पांढरा पडला. "रंगामुळे असं होतं हे मला माहीत नव्हतं."

"चूक होते," जयवंताबाई म्हणाली. "माहीत नव्हतं, तेही कबूल. पण गोविंदा आदळल्यावर तुले आठवलं, पाटी आपणच खोलली होती. तेव्हा तोंड उघडाचं सोडून माझ्या पोराच्या कपाळावर चोर लिवलं. ही चूक नाही. हा हलकटपणा आहे."

भैयाजींनी तक्रारीचा कागद टरकावला. मधुसूदननं त्यांच्यापुढं हात जोडले. "साहेब, माफ करा. एवढी वेळ—"

जयवंताबाईनं त्याच्या दंडाला धरून त्याला गर्रकन फिरवलं, रुपरावसमोर.

"माफी इकडं माग. अन् मोठ्यानं. चोर म्हणताना आवाज पार रस्त्यावर येऊन राहिला होता."